बातमीतले अर्धे जग

(बातम्या आपण रोज ऐकतो, पाहतो आणि वाचतो. पण बातमीत कोण बोलते आणि कोणाला विचारलेच जात नाही, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ब्रिटनमध्ये घडलेल्या काही खऱ्या घटनांच्या आधारे ही गोष्ट या पाठात समजावून सांगितली आहे.)

मुलांनो, तुम्हांला एक सोपा प्रश्न विचारते. काल संध्याकाळी तुमच्या घरी दूरदर्शनवर बातम्या लागल्या असतील. सकाळी कोणीतरी वर्तमानपत्र वाचले असेल. त्या बातम्यांत एकूण किती माणसे बोलली? त्यांत पुरुष किती होते आणि स्त्रिया किती होत्या?

तुम्ही म्हणाल, ''हे कोण मोजत बसते?'' खरे आहे. आपण बातमी ऐकतो आणि विसरून जातो. पण जगात काही माणसांनी हे खरोखर मोजले. मोजल्यावर जे दिसले, त्याने ती माणसे चकित झाली. त्यांची हकीकत आज आपण वाचणार आहोत.

त्याआधी जरा आजूबाजूला पाहा. तुमच्या गावात, बाजारात, बसथांब्यावर किती स्त्रिया दिसतात? शेतात राबणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात रोगी तपासणाऱ्या स्त्रिया तुम्ही रोज पाहता. जगातील सुमारे निम्मी माणसे स्त्रिया आहेत. मग बातम्यांतही त्या निम्म्या दिसायला हव्यात, नाही का?

बातमी म्हणजे जे घडले ते जसेच्या तसे, असे आपल्याला वाटते. पण दिवसभरात हजारो गोष्टी घडतात. सगळ्या काही बातमीत मावत नाहीत. कोणती गोष्ट सांगायची, कोणाला प्रश्न विचारायचे, कोणाचे छायाचित्र छापायचे आणि मथळा काय द्यायचा, हे कोणीतरी ठरवत असते. म्हणजेच बातमी ही निवडलेली गोष्ट असते. निवडताना चूक झाली, तर बातमी अपुरी राहते.

समजा, एका गावातली विहीर उन्हाळ्यात आटली. शहरातून वार्ताहर आला. पारावर चार माणसे बसली होती. त्याने त्यांना विचारले. ती म्हणाली, ''टँकर एक दिवसाआड येतो. आम्ही अर्ज केला आहे.'' वार्ताहराने तेवढे लिहून घेतले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. बातमी खोटी होती का? नाही. पण पहाटे उठून डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणणाऱ्या बायकांना कोणी काही विचारलेच नाही. रोज किती खेपा पडतात, टँकर आला की रांगेत किती वेळ जातो, पाण्यापायी कोणत्या मुलीची शाळा बुडते, हे त्यांनाच ठाऊक होते. त्या बोलल्या असत्या, तर गावाला दिवसाआड नव्हे, रोज टँकर हवा, हे वाचणाऱ्याला पटले असते. बातमीतून अर्धा गाव वगळला गेला आणि नुकसान मात्र सगळ्या गावाचे झाले.

असे केवळ आपल्याकडे होते असे नाही. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांची परंपरा फार जुनी आहे. तेथेही स्त्रियांना बातमीच्या जगात जागा मिळवायला खूप काळ लागला. या गोष्टीची सुरुवात मात्र आपल्या मुंबईतून होते.

पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईची ससून गोदी ही नावे तुम्ही ऐकली असतील. ससून हे मुंबईतील एक श्रीमंत ज्यू व्यापारी घराणे होते. पुण्याच्या रुग्णालयासाठी डेव्हिड ससून यांनी मोठी देणगी दिली होती. या डेव्हिड ससून यांची नात रेचल. तिचा जन्म १८५८ साली मुंबईत झाला. ती लहान असतानाच तिचे कुटुंब इंग्लंडला गेले. तरुणपणी तिने एका रुग्णालयात पगार न घेता रोग्यांची शुश्रूषा केली. १८८७ साली फ्रेडरिक बीअर यांच्याशी तिचे लग्न झाले. 'ऑब्झर्व्हर' हे लंडनचे जुने वृत्तपत्र बीअर यांच्या मालकीचे होते.

रेचल बीअर त्या पत्रात लेख लिहू लागल्या. १८९१ साली त्या 'ऑब्झर्व्हर'च्या संपादक झाल्या. दोनच वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी 'संडे टाइम्स' हे दुसरे वृत्तपत्र विकत घेतले आणि त्याचेही संपादन केले. ब्रिटनमधील राष्ट्रीय वृत्तपत्राच्या त्या पहिल्या स्त्री-संपादक होत. आणि त्याही एका नव्हे, दोन वृत्तपत्रांच्या! त्या काळी ब्रिटनमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकारही नव्हता. तो काही स्त्रियांना १९१८ साली आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली मिळाला.

रेचल बीअर यांचे एक काम फार मोलाचे आहे. फ्रान्सच्या सैन्यात ड्रायफस नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी सैन्याची गुपिते शत्रूला दिली, असा खोटा आरोप त्यांच्यावर झाला. त्यांना जन्मठेप देऊन एका दूरच्या बेटावर पाठवण्यात आले. खरा अपराधी होता एस्टरहाझी नावाचा दुसरा अधिकारी. तो पुढे लंडनला पळून आला. ज्या कागदामुळे ड्रायफस यांना शिक्षा झाली होती, तो कागद आपण लिहिला, असे त्याने 'ऑब्झर्व्हर'जवळ कबूल केले. रेचल बीअर यांनी १८९८ साली ही कबुली आपल्या पत्रात छापली. युरोपभर खळबळ उडाली. शेवटी १९०६ साली ड्रायफस निर्दोष ठरले. एका निरपराध माणसाला न्याय मिळावा, म्हणून एका संपादिकेची लेखणी अशी कामी आली.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही एक स्त्री संपादकाच्या खुर्चीवर बसली. तिचे नाव तानूबाई बिर्जे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले होते. शेतकरी व कष्टकरी लोकांची दुःखे ते पत्र मांडत असे. तानूबाईंचे पती वासुदेवराव बिर्जे हे पत्र चालवीत. १९०६ साली पतीच्या निधनानंतर तानूबाईंनी ते बंद पडू दिले नाही. त्यांनी स्वतः त्याचे संपादन केले. आपल्या देशातील सुरुवातीच्या स्त्री-संपादकांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आता पुन्हा ब्रिटनकडे वळू. १९२२ साली तेथे बीबीसी ही संस्था स्थापन झाली. आपल्याकडे जशी आकाशवाणी, तशी तेथे बीबीसी. घरोघरी रेडिओवर बातम्या ऐकू येऊ लागल्या. पण त्या सांगणारा आवाज पुरुषाचाच असे. १९३३ साली शीला बॉरेट या बाईंना निवेदिका म्हणून नेमण्यात आले. त्यांचा आवाज स्वच्छ होता, उच्चार शुद्ध होते. तरीही तक्रारींची पत्रे आली. पुरुषांनीच नव्हे, स्त्रियांनीही तक्रारी केल्या! काही महिन्यांतच शीलाबाईंना त्या कामावरून दूर करण्यात आले.

मुलांनो, बायकांनी तक्रार का केली असेल? जे कधी ऐकलेले नसते, ते कानाला विचित्र वाटते. गंभीर गोष्ट पुरुषानेच सांगायची, अशी सवय सगळ्यांनाच लागली होती. पण सवय म्हणजे काही नियम नव्हे.

१९५५ साली ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीची दुसरी वाहिनी सुरू झाली. तिच्यावर बार्बरा मँडेल यांनी दुपारच्या बातम्या वाचल्या. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर बातम्या वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. बीबीसीने १९६० साली नॅन विंटन यांना संधी दिली. पण रात्रीच्या बातम्या बाईने वाचाव्यात हे प्रेक्षकांना रुचत नाही, असे कारण पुढे आले आणि १९६१ साली त्यांना थांबवण्यात आले. पुढे कित्येक वर्षे गेली. १९७५ साली अँजेला रिपन बीबीसीच्या रात्रीच्या मुख्य बातम्या नियमितपणे देऊ लागल्या. १९८१ साली मॉयरा स्टुअर्ट या कृष्णवर्णीय निवेदिका बीबीसीच्या पडद्यावर बातम्या सांगू लागल्या. लोकांना त्यांची सवय झाली. जे १९३३ साली चालणार नाही असे वाटत होते, ते आता कोणालाही खटकत नव्हते. वृत्तपत्रांत मात्र बदल आणखी हळू झाला. 'गार्डियन' हे वृत्तपत्र १८२१ साली निघाले. त्याच्या संपादकाच्या खुर्चीवर पहिली स्त्री बसली ती २०१५ साली. त्यांचे नाव कॅथरीन व्हायनर. किती वर्षे लागली, याची वजाबाकी तुम्हीच करा.

बातम्या सांगायला स्त्रिया आल्या. मग प्रश्न सुटला का? नाही. बातमी सांगणारी स्त्री असली, तरी बातमीच्या आत कोण असते, हेही पाहायला हवे. १८ जानेवारी १९९५ या एकाच दिवशी ७१ देशांतील लोकांनी आपापल्या देशातील बातम्या तपासल्या. बातम्यांत ज्यांच्याविषयी सांगितले गेले किंवा जे बोलले, त्या शंभर माणसांमागे स्त्रिया फक्त १७ होत्या! त्यानंतर दर पाच वर्षांनी अशी मोजणी होऊ लागली. २०२० सालच्या मोजणीत हा आकडा २५ झाला. पंचवीस वर्षांत शंभरामागे आठच स्त्रिया वाढल्या.

शिवाय स्त्री बातमीत आली, तरी तिच्याविषयी काय सांगितले जाते, हाही प्रश्न आहेच. २०१७ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट पाहा. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांची भेट झाली. दोघीही मोठ्या पदांवर होत्या. देशाच्या भवितव्याशी निगडित अशा विषयावर त्या बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर दोघींचे छायाचित्र छापले. मथळ्यात मात्र त्यांच्या बोलण्याची नव्हे, तर त्यांच्या पायांची चर्चा होती! कोणाचे पाय अधिक छान, असा थट्टेचा सूर त्यात होता. अनेकांनी याचा निषेध केला. दोन पुरुष नेते भेटले असते, तर कोणी त्यांच्या पायांविषयी लिहिले असते का?

अशी बातमी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. बातमीतल्या बाईच्या जागी पुरुष ठेवून पाहायचे. 'दोन मुलांची आई झाली न्यायाधीश', असा मथळा आपल्याला साधा वाटतो. आता तो उलटून वाचा : 'दोन मुलांचा बाप झाला न्यायाधीश'. हसू आले ना? मग पहिल्या मथळ्यातही काहीतरी चुकले आहे, हे ओळखावे. ती स्त्री न्यायाधीश झाली ती अभ्यासामुळे आणि कष्टांमुळे. मथळ्यात तेच यायला हवे.

''बातमीत बोलवायला जाणकार स्त्रिया मिळतच नाहीत,'' असे पुष्कळ जण म्हणत. म्हणून बीबीसीने २०१३ साली एक प्रयोग केला. शास्त्र, व्यापार, इतिहास अशा विषयांतील जाणकार स्त्रियांसाठी एका दिवसाचे शिबिर ठेवले. ध्वनिक्षेपकासमोर आणि कॅमेऱ्यासमोर कसे बोलावे, हे तेथे शिकवले जाणार होते. जागा होत्या तीसच्या आसपास. अर्ज किती आले असतील? दोन हजारांहून अधिक! जाणकार स्त्रिया नव्हत्या असे नव्हे. त्यांना कोणी शोधले नव्हते.

आता या पाठातील सर्वांत सोपी गोष्ट. रॉस अ‍ॅटकिन्स हे बीबीसीचे एक वृत्तनिवेदक. एकदा ते रेडिओ ऐकत होते. तासभर कार्यक्रम चालला, पण त्यात एकाही स्त्रीचा आवाज ऐकू आला नाही. त्यांना वाटले, आपल्या कार्यक्रमात तरी काय होते? त्यांनी ठरवले, आपण मोजायचे.

जानेवारी २०१७ पासून त्यांच्या गटाने रोज मोजायला सुरुवात केली. कार्यक्रम संपला की सर्वांनी दोन-चार मिनिटे थांबायचे. आज किती पुरुष बोलले, किती स्त्रिया बोलल्या, याची नोंद करायची. एवढेच! पहिल्या महिन्यात शंभरांत ३९ स्त्रिया भरल्या. गटातील लोकांना वाटत होते, आपण तर कोणालाच डावलत नाही. पण आकड्यांनी वेगळेच सांगितले. मग ते ओळखीच्या त्याच त्याच माणसांना बोलावण्याऐवजी नवे जाणकार शोधू लागले. चार महिन्यांत स्त्रियांचा आकडा निम्म्यावर गेला.

या मोजणीचे तीन नियम होते. पहिला नियम : जे आपल्या हातात आहे, तेच मोजायचे. देशाचा पंतप्रधान पुरुष असेल, तर बातमीत तोच येणार. त्याला मोजायचे नाही. पण त्या बातमीचा अर्थ समजावून सांगायला कोणाला बोलवायचे, हे आपल्या हातात असते. ते मोजायचे. दुसरा नियम : आकडे दडवायचे नाहीत, ते पाहून सुधारणा करायची. तिसरा नियम : कामाचा दर्जा उतरू द्यायचा नाही. विषयाची उत्तम जाण असलेल्या माणसालाच बोलवायचे. फक्त शोध नीट घ्यायचा.

कोणी सक्ती केली नव्हती. तरीही बीबीसीतील इतर गट आपणहून मोजू लागले. एप्रिल २०१९ मध्ये आकडे जाहीर झाले. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मोजणी करणाऱ्या दर शंभर इंग्रजी कार्यक्रमांपैकी ७४ कार्यक्रमांत स्त्रिया निम्म्या किंवा त्याहून अधिक होत्या. पुढे देशोदेशीच्या शंभराहून अधिक संस्थांनीही ही रीत उचलली. एक कागद, एक पेन्सिल आणि रोजची दोन-चार मिनिटे, एवढ्यावर हे काम सुरू झाले.

मुलांनो, हे मुलगे विरुद्ध मुली असे भांडण नाही बरे! ज्याला आवाज नाही त्याला आवाज मिळावा, एवढेच मागणे आहे. बाळाच्या संगोपनाविषयीच्या बातमीत फक्त आईलाच प्रश्न विचारले, तर तीही बातमी अपुरीच. बाबाही बाळाला जोजवतो, औषध पाजतो. त्यालाही विचारले पाहिजे.

बातमीतून आपल्याला जग कळते. अवकाशयान, धरण, पाऊस, पैसा यांविषयी बोलणारी स्त्री जिला कधीच दिसत नाही, त्या मुलीला वाटते, हे विषय आपले नव्हेत. आणि ज्या मुलाला ती कधी दिसत नाही, त्यालाही तसेच वाटते. दोघांचाही समज चुकीचा असतो. आपण मोजायला शिकलो की असे समज पकडता येतात.

आज घरी गेल्यावर बातम्या लागल्या की एक कागद घ्या. मधोमध एक उभी रेघ ओढा. एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष. जो बोलेल त्याच्या नावाने एक खूण करा. शेवटी बेरीज करा आणि ती आईला, बाबांना, आजीला दाखवा. आधी त्यांना अंदाज विचारा, मग आकडा सांगा. मग पाहा, घरात कशी चर्चा रंगते ती!

शब्दार्थ

वार्ताहर – बातम्या गोळा करून पाठवणारा
संपादक – वृत्तपत्रात काय छापायचे हे ठरवणारा प्रमुख
मथळा – बातमीच्या वर मोठ्या अक्षरांत छापलेले शीर्षक
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
निवेदिका – रेडिओवर किंवा दूरचित्रवाणीवर माहिती सांगणारी स्त्री
खळबळ उडणे – लोकांत मोठी चर्चा व गडबड होणे
जाणकार – एखाद्या विषयाची चांगली माहिती असलेली व्यक्ती
डावलणे – मुद्दाम बाजूला ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेचल बीअर यांचा जन्म कोठे झाला?
(आ) तानूबाई बिर्जे यांनी कोणत्या पत्राचे संपादन केले?
(इ) बीबीसीच्या रात्रीच्या मुख्य बातम्या १९७५ सालापासून कोण देऊ लागल्या?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विहिरीच्या बातमीत कोणती माहिती राहून गेली?
(आ) शीला बॉरेट यांच्याविषयी लोकांनी तक्रार का केली असावी?
(इ) मोजणीचे तीन नियम तुमच्या शब्दांत सांगा.

३. कारणे द्या.
(अ) रॉस अ‍ॅटकिन्स यांनी मोजायचे ठरवले.
(आ) देशाच्या पंतप्रधानाला मोजणीत धरत नाहीत.

४. गणित करा.
'गार्डियन' १८२१ साली निघाले. त्याला पहिली स्त्री-संपादक २०१५ साली मिळाली. मध्ये किती वर्षे गेली?

५. विचार करा व सांगा.
'सवय म्हणजे काही नियम नव्हे.' तुमच्या घरातील किंवा शाळेतील अशी एखादी सवय सांगा, की जी बदलावी असे तुम्हांला वाटते.

उपक्रम : सात दिवस बातम्यांची मोजणी करा. रोजचे आकडे वर्गाच्या फळ्यावर लिहा. आठव्या दिवशी सर्वांनी मिळून त्यांवर चर्चा करा. तुमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात कोणाकोणाची नावे व चित्रे येतात, तेही मोजून पाहा.